खिडकीतली खाडी: जीव आला कुठून, आणि आणखी कुठे असेल?

खाडीकाठ (धागालेखक) | रविवार, सकाळी ९:४०

आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीच्या ग्रिलमध्ये सध्या पुदिन्याच्या कुंडीला खेटून दोन लिटरची एक बाटली उभी आहे. आत चिखल. साधासुधा नाही, ठाणे खाडीचा. पहिल्या आठवड्यात बायकोने दोनदा निर्वाणीचं बजावलं; आता ती त्या बाजूचं तावदान लावून फोडणी देते.

झालं असं, पुतणी नववीत आहे. शाळेत प्रकल्प मिळाला, 'पृथ्वीबाहेर जीवसृष्टी असेल का?' थर्माकोलची उडती तबकडी, तिला हिरवे दिवे, इथपर्यंत तिची तयारी झाली होती. म्हटलं, बाळा, तबकडी पुढच्या वर्षी कर. आधी आपल्याकडचा जीव सुरुवातीला कसा दिसत होता ते बघू. ऐरोलीच्या दिवा गावात एक ओळखीचे मासेमार काका आहेत. त्यांच्या होडीच्या नांगराला चिकटून आलेला काळा चिखल त्यांनी डब्यात भरून दिला. (अभयारण्यात उतरून खणाखणी केलेली नाही, आधीच सांगून ठेवतो.) त्यात वर्तमानपत्राचे कपटे, उकडलेल्या अंड्याचा बलक आणि कुटलेला खडू कालवला, बाटली पाऊण भरली, वर खाडीचंच पाणी ओतलं आणि उजेडात ठेवून दिली. विनोग्राड्स्की नावाच्या रशियन सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाची ही १८८० च्या दशकातली युक्ती. पुढे काहीच करायचं नसतं, त्यामुळे मला जमली.

पंधरा दिवस नुसता मातकट रंग. तिसऱ्या आठवड्यात तळ डांबरासारखा काळा झाला. आता आठवा आठवडा चालू आहे. वर हिरवट साय, खाली काळं, आणि मधे खिडकीकडच्या अंगाला जांभळट गुलाबी डाग. मागच्या रविवारी टिकलीएवढा होता, आज रुपयाएवढा आहे.

वरच्या हिरव्या सायीचं काम आपल्या झाडांसारखं: ऊन आणि पाणी घ्यायचं, प्राणवायू सोडायचा. तळाशी प्राणवायू पोचत नाही. तिथले जिवाणू सल्फेटवर गुजराण करतात आणि सडक्या अंड्याचा वास असलेला हायड्रोजन सल्फाइड सोडतात. तो चिखलातल्या लोखंडाला भेटला की काळा आयर्न सल्फाइड होतो. आणि गुलाबी मंडळी मधल्या मधे बसून तळाचा तो घाण वायू आणि खिडकीचं ऊन या दोन्हींवर जगतात. त्यांना पाणी फोडायला लागत नाही, प्राणवायूही सोडत नाहीत. प्राणवायूवाला धंदा सुरू होण्याआधी प्रकाशावर जगायची रीत ही अशीच होती.

पृथ्वीचं वय सुमारे ४५४ कोटी वर्षं. हवेत दखल घ्यावी इतका प्राणवायू साठायला लागला साधारण २४० कोटी वर्षांपूर्वी. म्हणजे जवळजवळ अर्धा काळ या ग्रहावर आपल्यासारखा कुणी उतरला असता तर गुदमरून मेला असता. बाटलीच्या तळाला विचारलं तर परग्रहवासी आपणच.

माझं म्हणणं इतकंच, की जीव ही फार दुर्मिळ चीज नसावी. शेवाळ, चिखल, बुळबुळीतपणा हे विश्वात जागोजागी असेल. दुर्मिळ असेल तर हे असं खिडकीत उभं राहून त्याच्याकडे बघत बसणारं कुणीतरी. पटतंय का? जाणकारांनी लिहा, न-जाणकारांनीही लिहा, मीही त्यातलाच.

आगरीकन्या | रविवार, सकाळी १०:०५

दादा, नांगराचा चिखल घरात??? आमच्या घणसोलीत आजी असती तर तुम्हाला बाटलीसकट ओट्यावर बसवलं असतं.

बाकी खाडीतला खरा चमत्कार निवटी. ओहोटीला चिखलावर टुणटुण उड्या मारते, पंखांवर चालते, डोळे कपाळावर. लहानपणी मला वाटायचं की ही मासळी अर्धी बेडूक झाली आणि कंटाळून थांबली. आजोबा बिळात कोपरापर्यंत हात घालून काढायचे. आपण पाण्यातून बाहेर आलो ते निवटीसारखेच ना? मग इतकी वर्षं आम्ही पूर्वजांचं कालवण खातोय.

तर्कट | रविवार, सकाळी १०:११

कालवणाची पाककृती टाका. जीवसृष्टीचा उगम नंतर बघू.

मास्तरीणबाई | रविवार, दुपारी १२:३०

एकोणतीस वर्षं नौपाड्यात जीवशास्त्र शिकवलं, त्यामुळे राहवत नाही.

खाडीकाठ, बाटली छान. हल्लीचा फळ्याचा खडू बहुधा जिप्समचा असतो, त्यातच सल्फेट येतं, म्हणून तुमचा तळ इतका झकास काळा झाला. पण झाकण घट्ट लावलं असेल तर आजच सैल करा. आतले जिवाणू वायू सोडतात.

आगरीकन्या, निवटी आपली पूर्वज नव्हे हो, लांबची चुलत बहीण म्हणा. माशांच्या दोन मोठ्या शाखा. एकीचे पंख काड्यांच्या पंख्यासारखे. रोहू, बांगडा, निवटी सगळे त्यातले. दुसरीचे पंख मांसल, आत हाड असलेले. आपण या दुसऱ्या शाखेतले. कॅनडाच्या उत्तरेकडच्या बेटावर २००४ मध्ये टिक्टालिकचे जीवाश्म मिळाले. सुमारे ३७.५ कोटी वर्षांपूर्वीचा मासा, पण त्याला मान आहे, आणि पंखात मनगटाची सुरुवात आहे. निवटी हीच वाट फार नंतर, स्वतःच्या हिमतीने चालली. ओल्या कातडीतून आणि तोंडाच्या आतल्या अस्तरातून श्वास घेते, गलफडात पाणी धरून ठेवते. ती अर्धवट राहिलेली नाही. तिला खाडीत उत्तम चाललंय, बेडूक व्हायचं तिच्या मनातही नाही.

वर्गात सगळ्यात चिवट गैरसमज हाच असायचा. उत्क्रांती म्हणजे जिना, आणि वरच्या पायरीवर आपण. 'बाई, माकडापासून माणूस झाला तर येऊरची माकडं अजून माकडंच का?' दर वर्षी एक तरी हात वर. मी विचारायची, तुझा चुलतभाऊ अजून आहे ना? मग तू कसा झालास? चिंपांझी आणि आपण यांचे आजोबा एकच, साठ-सत्तर लाख वर्षांपूर्वीचे. ते ना चिंपांझी होते, ना माणूस.

माउली_चरणी | रविवार, दुपारी २:१५

नमस्कार बाई. आपल्या पूर्वजांनी हे आधीच सांगून ठेवलं नव्हतं का? मत्स्य, कूर्म, वराह, नृसिंह, वामन... क्रम बघा. शिवाय ८४ लक्ष योनी. आजचे शास्त्रज्ञ तरी वेगळं काय सांगतात?

तर्कट | रविवार, दुपारी २:१८

आलं. पॉपकॉर्न घेऊन बसतो.

मास्तरीणबाई | रविवार, दुपारी ३:०५

तर्कट, तुम्ही पॉपकॉर्न खा, पण गप्प बसून.

माउली, गंमत खरी आहे. २०११ मध्ये काही संशोधकांनी अंदाज मांडला की केंद्रक असलेल्या पेशींच्या सजीवांच्या जाती सुमारे ८७ लाख असाव्यात, तेरा लाख इकडे किंवा तिकडे. ८४ त्यात आरामात बसतात. वर्गात सांगितलं की पोरं टाळ्या वाजवायची. पण त्या ८७ लाखांत जिवाणू धरलेलेच नाहीत. म्हणजे खाडीकाठच्या बाटलीतली जवळपास सगळी प्रजा मोजणीबाहेर. आणि अवतारांच्या क्रमात डुकरानंतर सिंहमुखी माणूस, मग बुटका माणूस. तिथे पाय घसरतो. मुळात त्या कथा देव भक्तासाठी कसा धावतो ते सांगतात. हाडांचा हिशेब त्यांच्यावर लादला तर कथाही जाते आणि हाडंही. मी घरी नृसिंह जयंती करते आणि वर्गात डार्विन शिकवला, दोन्हींत कधी भांडण झालं नाही.

राग आला तो वेगळ्या गोष्टीचा. २०२३ मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग काढला. अठराशेहून अधिक वैज्ञानिक-शिक्षकांनी पत्र लिहून विरोध केला. अकरावी-बारावीला विज्ञान न घेणाऱ्या पोराच्या कानावर हा विषय पडणार कधी?

माउली_चरणी | रविवार, दुपारी ३:२०

बाई, पटलं असं म्हणत नाही, पण नृसिंह जयंतीचं ऐकून बरं वाटलं.

हाडवैद्य | रविवार, रात्री ९:५०

माकडाचा विषय निघालाच आहे तर दुकानातला माल दाखवतो. मराठीत पाठीच्या कण्याच्या शेवटच्या हाडाला माकडहाड म्हणतात. हे नाव कुणी ठेवलं त्याला दंडवत. घोडबंदर रोडवरून रिक्षाने आलेले दोन तरी पेशंट आठवड्याला मला ते हाड दाखवतात, फुगवलेल्या टायरवर बसायला सांगून परत पाठवतो.

पोटातल्या गर्भाला चौथ्या-पाचव्या आठवड्यात खरोखर शेपूट असतं. आठव्यापर्यंत जिरतं आणि उरतं ते हे हाड. शेपूट गेलं कसं? २०२४ मध्ये 'नेचर'मध्ये शोधनिबंध आला. त्यातल्या संशोधकाने सांगितलंय की स्वतःचं माकडहाड दुखावल्यावर तो या प्रश्नाच्या मागे लागला (माझ्या पेशंटांनी आदर्श घ्यावा). टीबीएक्सटी नावाच्या जनुकात सुमारे ३०० अक्षरांचा एक उपरा तुकडा घुसलेला दिसतो. तो माकडांत नाही. गिबन, ओरांगउटान, गोरिला, चिंपांझी आणि माणूस यांच्यात आहे. साधारण अडीच कोटी वर्षांपूर्वीची ही घुसखोरी. उंदरांत तसा बदल करून पाहिला तर काहींचं शेपूट आखूड, काहींना नाहीच. काही पिल्लांचा मात्र पाठीचा कणाच नीट मिटला नाही. शेपूट फुकट गेलेलं नाही, बदल्यात कायतरी मोजलंय.

म्हणून 'मानवाचा विकास' हा शब्द मला खटकतो. कंबरदुखी, गुडघे, अवघड बाळंतपण, ही दोन पायांवर उभं राहिल्याची बिलं आहेत. ती भरून घेण्यावर माझं घर चालतं, म्हणून तक्रार नाही.

रसायनी | सोमवार, सकाळी ७:२५

कंपनीच्या बसमधून लिहितोय, चुका पोटात घाला.

खाडीकाठ, तुमचा धागा बाटली भरल्यावर सुरू होतो. बाटलीत जीव आधीच होता, तो तुम्ही वाढवलात. पास्तरने १८६० च्या सुमाराला बगळ्याच्या मानेच्या चंबूत हेच दाखवलं, उकळून धूळ येऊ दिली नाही तर रस्सा वर्षानुवर्षं नासत नाही. मग पहिला जीव आला कुठून? खरा प्रश्न तो.

१९५३ चा मिलरचा प्रयोग सगळ्यांना पाठ आहे. मिथेन, अमोनिया, हायड्रोजन आणि वाफ काचेत घालून ठिणग्या मारल्या, अमिनो आम्लं मिळाली. निबंध छापला तो डीएनएच्या रचनेच्या निबंधानंतर तीन आठवड्यांत, पोरगा अवघा तेवीस वर्षांचा. पण टीटीसी औद्योगिक पट्ट्यात रिअ‍ॅक्टर चालवणाऱ्याला विचारा, बॅचमधून निघालं काय? बराचसा तपकिरी चिकटा. आमच्याकडे अशी बॅच निघाली की तिला कुणी 'जीवसृष्टीची पहिली पायरी' म्हणत नाही, सुपरवायझर वेगळं काहीतरी म्हणतो. शिवाय त्या काळच्या हवेत मिथेन-अमोनिया इतके नसावेत, कार्बन डायऑक्साइड आणि नायट्रोजनच जास्त, असं आता मानतात.

अमिनो आम्लं बनणं ही अडचण कधीच नव्हती. ती दगडांतही मिळतात. १९६९ मध्ये ऑस्ट्रेलियात मर्चिसनला उल्का पडली, तिच्यात सत्तरच्या वर सापडली. बेन्नू लघुग्रहावरून २०२३ मध्ये आणलेल्या मातीत सजीव वापरतात त्या वीसपैकी चौदा, आणि डीएनए-आरएनएची पाचही अक्षरं. माल ढिगाने आहे. अडचण आहे ती मालाचं यंत्र होण्याची. डीएनए वाचायला प्रथिनं लागतात आणि प्रथिनं बनवायला डीएनए. कोंबडी आधी की अंडं?

आणि एक. बेन्नूवर डाव्या आणि उजव्या ठेवणीची (एकमेकांची आरशातली प्रतिमा असावी तशी) अमिनो आम्लं जवळपास निम्मी-निम्मी आहेत. आपल्या प्रथिनांत सगळी डावखुरी. हे डावखुरेपण कधी, कुठे, का शिरलं? समाधानकारक उत्तर अजून नाही. तोवर 'जीव जागोजागी असेल' हे वाक्य मी माझ्या लॉगबुकात लिहिणार नाही. बस आली गेटवर.

खाडीकाठ | सोमवार, सकाळी ८:१०

रसायनी, पहिल्याच चेंडूवर त्रिफळा. कोंबडी-अंड्याचं कुणी सोडवलंय का?

मास्तरीणबाई | सोमवार, सकाळी ११:००

निम्मं सोडवलंय. तिसरा गडी सापडला, आरएनए. तो डीएनएसारखी माहिती बाळगतो आणि प्रथिनासारखी कामंही करतो, स्वतःला कापतो, जोडतो. थॉमस चेक आणि सिडनी ऑल्टमन यांना यासाठी १९८९ चं नोबेल मिळालं. त्याहून मोठा पुरावा आपल्या प्रत्येक पेशीत आहे. प्रथिनं जिथे विणली जातात त्या रायबोसोमची रचना उलगडली (२००९ चं नोबेल, त्यात आपले वेंकी रामकृष्णन), तेव्हा दिसलं की ज्या जागी अमिनो आम्लाला अमिनो आम्ल जोडलं जातं तिथे प्रथिन नाहीच, आरएनएच काम करतोय. नवीन बंगल्याच्या आत जुन्या घराची चूल तशीच ठेवावी, तसं.

जागेवरून मात्र अजून वाद आहे. डार्विनने १८७१ मध्ये मित्राला पत्रात 'कोमट डबकं' लिहिलं होतं, आजही एक गट म्हणतो, सुकणारं-भिजणारं डबकंच, कारण सुकताना रेणू जवळ येऊन जुळतात. दुसरा गट समुद्रतळाशी जातो. १९७७ मध्ये गॅलापागोसजवळ खोल अंधारात गरम झरे सापडले, आणि उन्हाचा कवडसा पोचत नसताना तिथे प्राण्यांची गर्दी! पुढे २००० मध्ये अटलांटिकमध्ये अल्कधर्मी पाण्याचे झरे मिळाले. त्यांच्या दगडांच्या सूक्ष्म भोकांत आत-बाहेर रासायनिक फरक आयता मिळतो, आणि आपली प्रत्येक पेशी आजही तसाच फरक राखून ऊर्जा मिळवते.

ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ हॉल्डेन यांनी १९२९ मध्ये 'पातळ गरम सूप' ही कल्पना मांडली, रशियात ओपारिन यांनी त्याआधी १९२४ मध्ये. हेच हॉल्डेन पुढे भारतात आले, नागरिक झाले, १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले. हे सांगितलं की मागच्या बाकावरची पोरंही मान वर करायची.

८:११_फास्ट | सोमवार, सकाळी ११:२०

लोकलमध्ये उभ्याने हिशेब केला, तपासून घ्या. १८५३ मध्ये पहिली गाडी बोरीबंदरहून ठाण्याला आली, ३४ किलोमीटर. बोरीबंदर म्हणजे पृथ्वीचा जन्म, ठाण्याचा बफर म्हणजे आज. एक किलोमीटर म्हणजे साडेतेरा कोटी वर्षांच्या आतबाहेर.

जिवाणूंच्या थरांचे सगळ्यात जुने बऱ्यापैकी पक्के दगड ऑस्ट्रेलियातले, ३४८ कोटी वर्षांचे. ते येतात दादरच्या जरा अलीकडे. प्राणवायू कुर्ल्याला. केंद्रक असलेली मोठी पेशी घाटकोपर सुटल्यावर. हातपाय-डोळेवाले प्राणी मुलुंड येता येता. डायनासोर संपले तेव्हा गाडी ठाण्याच्या अलीकडे अर्ध्या किलोमीटरवर सिग्नलला उभी. आपली जात (तीन लाख वर्षं, मोरोक्कोतले जीवाश्म धरून) शेवटचे सव्वादोन मीटर. शेती साडेसात सेंटिमीटर, म्हणजे माझा पासही मावणार नाही.

दादरला जिवाणू चढले आणि घाटकोपरपर्यंत डब्यात तेच. भय्या, आगे चलो म्हणायलाही कुणी नाही.

रसायनी | सोमवार, दुपारी १:४५

जेवणाच्या सुट्टीत वाचलं. हे आवडलं. आकडेही बसतायत.

खाडीकाठ | सोमवार, दुपारी ४:३०

८:११, माझं म्हणणं तुम्ही माझ्यापेक्षा नेमकं मांडलंत. गाडी सुटल्यावर बऱ्यापैकी लवकर जीव चढतो, म्हणजे चढणं फार अवघड नसावं. पण दादर ते घाटकोपर इतका वेळ का लागला?

मास्तरीणबाई | सोमवार, संध्याकाळी ६:१५

कारण त्याला एक अपघात लागला. एका पेशीने दुसरी गिळली आणि पचवली नाही. आत राहिलेली भाडेकरू पेशी म्हणजे आपल्या आजच्या तंतुकणिका, शरीराची वीजघरं. लिन मार्ग्युलिस यांनी १९६७ मध्ये हे मांडलं तेव्हा अनेक नियतकालिकांनी निबंध साभार परत केला होता. आज ते शाळेत शिकवतात. तंतुकणिकांना स्वतःचा वेगळा डीएनए आहे, तो आपल्याला फक्त आईकडून मिळतो. जगातली प्रत्येक मोठी पेशी, वडाची, निवटीची, माउलींची, तर्कटांची, त्या एकाच घराण्यातली दिसते. कोट्यवधी वर्षांत अब्जावधी जिवाणू एकमेकांशेजारी नांदले, आणि टिकून राहिलेला हा सौदा आपल्या माहितीत एकदाच झाला. म्हणून खाडीकाठांचा कौल मला पटतो. चिखल सगळीकडे असेलही, वड नसेल.

रसायनी यांचं डावखुरेपण मात्र मलाही सुटत नाही.

तर्कट | सोमवार, संध्याकाळी ६:२०

बाईंनी मला आणि माउलींना एका घराण्यात घातलं. निषेध.

माउली_चरणी | सोमवार, संध्याकाळी ६:४८

मी तर हे तुकोबांपासून ऐकत आलोय. स्वागत आहे धाकटे बंधू.

दुर्बीण | सोमवार, रात्री ११:३०

दोन दिवस वांगणीला आकाशदर्शनाला होतो, धागा आत्ता पाहिला. आकाश फार बरं नव्हतं.

गाजलेली बातमी घ्या. के२-१८बी, १२४ प्रकाशवर्षांवरचा ग्रह. केंब्रिजच्या निक्कू मधुसूदन यांच्या गटाने एप्रिल २०२५ मध्ये सांगितलं की जेम्स वेब अवकाश दुर्बिणीच्या निरीक्षणांत डायमिथाइल सल्फाइडच्या खुणा दिसतात. आपल्याकडे तो समुद्रातले सूक्ष्म जीव बनवतात, समुद्राच्या वासात त्याचा मोठा वाटा असतो. वर्तमानपत्रांनी 'जीवसृष्टी सापडली' करून टाकलं. प्रत्यक्षात संकेत कच्चा होता, इतर गटांनी तीच आकडेवारी तपासली तर तो विरून जातो असं त्यांना दिसलं. आणि तोच वायू ६७पी या धूमकेतूवरही मिळालाय, जिथे मासा तर सोडाच, पाणीही धड नाही. व्हॉयेजर यानाच्या वेगाने तिथे जायचं म्हटलं तर साधारण २२ लाख वर्षं, त्यामुळे जाऊन वास घेण्याचा प्रश्न नाही.

रसायनींना एक आवडेल. आपल्या नारळीकर सरांनी हा प्रश्न वरून धरला होता. जीव खाली आला असेल तर अजूनही येत असेल, मग उंच हवेत जाळं लावून बघा. २००१ आणि २००५ मध्ये हैदराबादहून बलून सोडले, निर्जंतुक केलेल्या नळकांड्यांत ४१ किलोमीटरपर्यंतची हवा भरली. जिवाणूंच्या तीन नव्या जाती मिळाल्या, एकीला हॉइल (सरांचे गुरू, जीव अवकाशातून आला असं मानणारे) यांचं नाव, एकीला इस्रोचं, एकीला आर्यभटाचं. अतिनील किरण त्या आपल्या जवळच्या नातलग जातींपेक्षा बऱ्या सोसत होत्या. आणि तरीही इस्रोच्या निवेदनात स्पष्ट होतं, यावरून त्या पृथ्वीबाहेरून आल्या असं सिद्ध होत नाही. हॉइल यांच्या शिष्याला काय सिद्ध व्हायला हवं होतं ते जगजाहीर होतं. तरी निवेदन तेवढंच. मे २०२५ मध्ये सर गेले तेव्हा मला पहिलं हेच आठवलं.

आता खाडीकाठ, तुमच्या बाटलीकडे येतो. पर्सिव्हिअरन्स गाडी मंगळावर जेझेरो विवरात २०२१ पासून फिरतेय. जुलै २०२४ मध्ये सुकलेल्या नदीपात्रात तिला एक तांबूस खडक मिळाला, त्यावर बिबट्याच्या कातडीसारखे ठिपके. मधे फिकट, कडा गडद. सप्टेंबर २०२५ मध्ये निबंध आला. ठिपक्यांत दोन खनिजं असावीत: एक लोहाचं फॉस्फेट, दुसरं ग्रेगाइट, म्हणजे लोहाचं सल्फाइड. दगड मुळात चिखलाचा, आणि त्यात सेंद्रिय कार्बनही. पृथ्वीवर अशा चिखलात ही खनिजं बरेचदा कोण बनवतं? तुमच्या तळमजल्यावरचे भाडेकरू. जिवाणूंशिवायही ती बनू शकतात, म्हणून कुणी 'सापडलं' म्हणालेलं नाही. नमुना नळीत बंद करून ठेवलाय, पृथ्वीवर आणायचा कधी ते ठरलेलं नाही.

पुतणीला सांगा, बाटलीशेजारी त्या खडकाचा फोटो लाव.

आगरीकन्या | सोमवार, रात्री ११:४४

म्हणजे मंगळावर ओहोटी लागलेली खाडी आहे. अंगावर काटा आला.

हाडवैद्य | सोमवार, रात्री ११:५१

काटा येणं म्हणजे अंगावरची लव फुलवून मोठं दिसायची जुनी युक्ती. लव उरली नाही, सवय उरली. झोपा आता.

रसायनी | मंगळवार, सकाळी ७:३०

दुर्बीण, ग्रेगाइटचं माहीत नव्हतं. नमुना हातात आल्याशिवाय मी काही लिहिणार नाही, पण लॉगबुकात एक ओळ मोकळी सोडतो.

खाडीकाठ | शनिवार, रात्री ८:२०

प्रकल्प काल दिला.

आधी कबुली. बाई, तुमचं झाकणाचं मी वाचलं होतं आणि 'उद्या करू' म्हटलं होतं. बुधवारी रात्री पुतणीने बाटली हलवून गुलाबी डागाचा फोटो काढला, मग झाकण फिरवलं. फस्स झालं आणि खाडी थेट टाइल्सवर, मिक्सरवर, माझ्या बनियनवर. घरभर सडकी अंडी. रात्री अकरा वाजता आम्ही तिघं लिंबू आणि सोडा घेऊन भिंत घासत होतो. आई फोनवर म्हणाली, गॅस गळतोय का बघा.

पण थर फारसे मोडले नाहीत. वरची साय गेली, काळं आणि गुलाबी जागच्या जागी. बाईंनी (तिच्या शाळेतल्या) विचारलं, यात परग्रह कुठे आहे? तिने दुर्बीण यांचा ठिपक्यांचा फोटो दाखवला, आणि तळावर बोट ठेवून म्हणाली, हे प्राणवायूशिवाय जगतात, तिकडेही प्राणवायू नाही. मग ८:११ यांचा गाडीचा तक्ता. तो मुलांना सगळ्यात आवडला, दोघांनी मुलुंडला उतरायचं ठरवलं. थर्माकोलची तबकडी शेजारच्या बाकावर होती, दिवे लागत होते, तिच्याभोवती गर्दी जास्त होती हेही सांगायला हवं.

बाटली परत खिडकीत आली आहे. डाग आता पापडाएवढा होतोय.

मास्तरीणबाई | शनिवार, रात्री ८:२५

झाकण?

खाडीकाठ | शनिवार, रात्री ८:२६

सैल आहे बाई. वास येतोय.